इंटरवलनंतर पोट सांभाळा

पुंजाजी तायड्यांनी बायकोला पिक्चरला न्यायचं ठरवलं, ते एका साध्या मंगळवारी, वांगं भाजता भाजता. ठरवलं म्हणजे काय, वांगं शेगडीवर फिरवताना तोंडातून निघून गेलं. (पुंजाजींच्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय असेच निघून गेलेले आहेत. लग्नाला 'हो' म्हणाले तेव्हासुद्धा त्यांच्या तोंडात पोहे होते.)

"अवं, रविवारी पिक्चरले जाऊ. कॉमेडी हाये. लोकं हसून हसून बेजार होऊन राहिले म्हनते."

"कोन म्हनते?" ललिताबाईंनी विचारलं.

"पोस्टरच म्हनते ना!"

आता साठीकडे झुकलेल्या माणसाला पिक्चरचं हे खूळ कुठून शिरलं, ते सांगायला पाहिजे. ललिताबाईंचं हसणं बंद पडलं होतं.

ते हसणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. आधी आवाजच यायचा नाही. नुसते खांदे हलायचे. मग डोळ्यांतून पाणी, मग पदर तोंडाशी, आणि सगळ्यांना वाटावं की झालं, आटोपलं, तेवढ्यात अशी एक किंकाळी फुटायची की शेजारच्या ओट्यावरची मांजर घर सोडून जायची. अमरावतीच्या त्या गल्लीत नवीन भाडेकरू आला, की जुने लोक त्याला आधीच सांगून ठेवत, "घाबरू नका बरं, तायडेबाई हसतात."

पण मार्चमध्ये लेकीचं, दीक्षाचं लग्न झालं आणि ती अकोल्याला गेली. पाठोपाठ पुंजाजी एसटीतून रिटायर झाले. सारा जन्म त्यांनी अमरावती-अकोला गाडीवर कंडक्टरकी केली होती. आता घरात दोघंच. एक जण पेपर वाचायचा, दुसरी भाजी निवडायची, आणि मधे पंखा फिरायचा. ललिताबाई हसत नव्हत्या असं नाही. पण ते हसू पाहुण्यांसमोर काढायच्या कपबश्यांसारखं होतं. नीटनेटकं, आणि लगेच आत ठेवून द्यायचं. पुंजाजींना ते बघून आतून तुटायचं. लेकीकडे जाऊन यावं, तर नवे व्याही. बिनकामाचं सारखं लेकीच्या दारी गेलं तर लोक काय म्हणतील, या धाकानं दोघंही अकोल्याचं नाव काढत नव्हती.

तर रविवारी दोघं टॉकीजला गेली. ललिताबाईंनी पर्समध्ये फुटाण्याची पुडी दडवून नेली.

पिक्चर कसला, तर भाग चौथा. आधीचे तीन भाग कोणाला आठवत नव्हते, आणि हेच बहुधा निर्मात्याच्या पथ्यावर पडलं असावं. पाच हिरो होते. पाचही जण एकदमच ओरडत होते. एक जाडा माणूस होता, तो पडत होता. एकाला बाईचं लुगडं नेसवलं होतं. एकाला ऐकू येत नव्हतं, म्हणून बाकीचे त्याला चापट्या मारत होते, आणि प्रत्येक चापटीला मागून 'टुंईंग' असा आवाज येत होता, म्हणजे इथे हसायचं आहे हे पब्लिकला कळावं. पुंजाजींना तो आवाज ओळखीचा वाटला. डेपोत साहेब विनोद सांगायचे आणि मग स्वतःच टेबलावर थाप मारायचे, तसलाच तो प्रकार. तेव्हा निदान बदलीची भीती असायची म्हणून माणूस हसायचा. इथे तर तिकीट काढून आत आलेली माणसं, त्यांना कोणाची भीती?

हॉल गप्प होता. पुंजाजी पडद्याकडे बघतच नव्हते, ते बायकोच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे जागच्या जागी.

मग त्यांनी ठरवलं की आपण धक्का द्यावा. बंद पडलेली गाडी चार माणसांनी ढकलली की सुरू होते, हा त्यांचा अनुभव. जाडा माणूस पडला की ते "हा हा हा!" करून मांडीवर थाप मारू लागले. समोरच्या रांगेतल्या बाईनं दोनदा वळून बघितलं. ललिताबाईंनी फुटाणे पुढे केले आणि म्हणाल्या, "तुमाले आवडून राहिला का? बरं झालं."

इंटरवल झाला. पुन्हा अंधार झाला, पुन्हा पाच हिरो ओरडायला लागले. इतकं खोटं हसून पुंजाजी दमले होते, म्हणून त्यांनी जरा डोळे टेकवले. (झोपले नव्हते. जरा टेकवले.)

आणि एकदम गलका झाला! पुंजाजींनी दचकून डोळे उघडले, तर सगळं टॉकीज हसत होतं. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि बाजूला? बाजूला ललिताबाईंचे खांदे गदगदा हलत होते, पदर तोंडात होता, आणि पुढच्याच क्षणाला ती किंकाळी फुटली. तीच ती, अस्सल, मार्चच्या आधीची! पुंजाजींनी घाईघाईनं पडद्याकडे बघितलं. जाडा माणूस म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात पडला होता.

"आवडलं?" त्यांनी विचारलं.

"लयच!" डोळे पुसत ललिताबाई म्हणाल्या, आणि पुंजाजींच्या तोंडाकडे बघून त्यांना पुन्हा उमाळा आला.

त्या दिवशी पुंजाजी अर्धी वीत उंच होऊन घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्लीत, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगायला सुरुवात केली. "पहिला भाग कसाबी हाये. पन इंटरवलनंतर पोट सांभाळा. तो जाड्या टाक्यात पडते ना, मायबाप, अख्खं टॉकीज उलटंपालटं होते!" चार माणसं त्यांच्या भरवशावर पिक्चर बघून आली. त्यांतल्या न्हाव्यानं पुढच्या दाढीला पाणी जरा गारच वापरलं.

आठवड्यात घरातलं हसू पुन्हा कपबशीच्या मापावर आलं. पुंजाजी म्हणाले, औषध सापडलंय तर दुसरा डोस द्यायला काय हरकत आहे? पण अमरावतीतून पिक्चर उतरला होता. (कारण उघड होतं, पण ते पुंजाजींना दिसलं नाही.) अकोल्यात मात्र एका टॉकीजमध्ये तो अजून तग धरून होता. पुंजाजींनी तडक व्याह्यांना फोन लावला.

"इवाई, रविवारी सगये तयार राहा. मी पिक्चर दाखवतो. तुमी, इहीनबाई, नागसेन, दीक्षा. नाही म्हनू नका. अन् एक सांगून ठेवतो. इंटरवलनंतर पोट सांभाळा."

पलीकडून तुळशीरामजी इंगळ्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मग ते म्हणाले, "हो हो, जी! आमी तं वाटच पाहून राहिलो होतो." पुंजाजींना ते जरा चमत्कारिक वाटलं, पण व्याह्याला कारण विचारत नसतात.

अकोल्याच्या टॉकीजमध्ये रांगेत मधोमध पुंजाजींना बसवलं. यावेळी ते टक्क जागे होते. आपलाच पिक्चर असल्यासारखे बसले होते. पाच हिरो ओरडले, लुगडं झालं, चापट्या झाल्या, इंटरवल झाला. मग म्हैस दिसली. पुंजाजींनी श्वास रोखला. जाडा माणूस टाक्यात पडला.

कोणी हसलं नाही.

म्हणजे हॉल हसला नाही. पण तुळशीरामजींना एकदम जाणीव झाली की व्याह्यानं हौसेनं दाखवलेला पिक्चर आहे. आपल्याकडे व्याह्याच्या घरची भाजी खारट निघाली तरी दुसऱ्यांदा मागून घेतात. ते "हॅ हॅ हॅ" करून हसले. सत्यवतीबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, लगोलग "अवं माय!" म्हटलं आणि नागसेनला कोपर मारलं. नागसेन कळवळला, आणि ते हसण्यातच जमा झालं.

पुंजाजींनी ललिताबाईंकडे बघितलं. कपबशी.

 आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पडद्याकडे कोणीच बघत नव्हतं. व्याही, विहीण, लेक, जावई, सगळे वाकून वाकून त्यांच्याकडेच बघत होते.

"झोप येऊन राहिली का तुमाले?" ललिताबाईंनी हळूच विचारलं.

"झोप? अन् एवढ्या बाक्या प्रसंगात?"

"बाबा, थोडे डोळे तर मिटा," दीक्षा म्हणाली. "दमले असाल."

"मी काहून दमीन? बसून तं आलो!"

रांगेतून एक सुस्कारा निघाला.

पिक्चर सुटला. समोरच्या हॉटेलात चहा आला, पण पुंजाजींनी कपाला हात लावला नाही. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. "हे पाहा, मले एक सांग," ते बायकोला म्हणाले. व्याह्यांसमोर बायकोला असं विचारू नये हेही ते विसरले. "तोच पिक्चर, तोच जाड्या, तेच टाकं. अमरावतीले तू लोटपोट झाली अन् आज काहीच नाही. माहं काय चुकलं?"

सगळे चहात बघायला लागले. शेवटी दीक्षाच्यानं दम धरवेना.

"बाबा, आई टाक्याला नव्हती हसली. तुम्हाला हसली. तिनं दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं आम्हाला."

"मले?"

"तुम्ही झोपले होते. आणि झोपेत एकदम खड्या आवाजात ओरडले, 'मूर्तिजापूर! मूर्तिजापूरवाले उतरा! सामान पाहून घ्या, लेकरं मोजून घ्या!'"

"अन् समोरची बाई," ललिताबाईंचे खांदे हलायला लागले, "ते बाई खरंच उठून उभी राहिली जी! लेकराचा हात धरून!"

तुळशीरामजींचा आठवडाभर दाबलेला खोकला आता मोकळा झाला. सत्यवतीबाईंनी तोंडावर हात ठेवला. नागसेनच्या बशीतला चहा सांडला. पुंजाजी मात्र कानापर्यंत लाल झाले.

"सगळ्या टॉकीजसमोर?" ते म्हणाले. "अन् तू मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी जागे नसते का राहिले?"

एवढं म्हणून ललिताबाई हसता हसता थांबल्या. डोळे पुसले, आणि पुन्हा पुसले, कारण ते पाणी आता हसण्याचं राहिलं नव्हतं.

"तुमी गाडीवरून यायचे ना, तवा रोज काहीतरी घेऊन यायचे. ते म्हातारी नव्हती का बोरगावची, कोंबडीचं अर्धं तिकीट घेतलं म्हनून भांडली? अन् मूर्तिजापूर यायच्या आंधी कोंबडीनं अंडं देल्लं, तं तुमालेच इचारते, 'आता याचं कोन देते?' मी आठ दिवस हसली होती. तुमी रिटायर झाले अन् मुके होऊन बसले. मले वाटलं, दीक्षाबी गेली अन् तिच्या संगं तुमीबी गेले. त्या दिवशी अंधारात तुमी 'मूर्तिजापूर' म्हनले, अन् मले वाटलं, आलं बाप्पा माहं मानूस घरी."

हॉटेलवाल्यानं रेडिओ बारीक केला. पुंजाजींनी कप उचलला. ते म्हणाले, "चहा थंडा हाये," आणि वाफाळलेला चहा एका घोटात पिऊन जीभ भाजून घेतली.

म्हणजे एवढे दिवस ते हसू बाहेर शोधत होते, पाच हिरोंना त्यासाठी कामाला लावलं होतं, आणि माल घरातच पडून होता. त्या म्हातारीला कुठे हसवायचं होतं? तिला कोंबडीचा हिशोब करायचा होता. म्हणून तर ती अजून आठवते, आणि जाड्याचं नावसुद्धा लक्षात नाही. हे सगळं पुंजाजींना बोलून दाखवायचं होतं. पण जीभ भाजली होती.

"इवाई," तुळशीरामजी घसा साफ करत म्हणाले, "आता पाळी आमची. पुढच्या रविवारी आमच्याकून पिक्चर. तुमी दोघंबी शनिवारीच मुक्कामाले या. आमाले पाहा लय उत्सुकता हाये."

"कोनता लागते?"

"कॉमेडीच हाये. नागसेन, भंगार हाये ना पन पक्का?"

"एकदम भंगार, बाबा. ज्यानं पाहिला तो इंटरवललाच घरी गेला."

"मंग जमलं!" सत्यवतीबाई म्हणाल्या.

अशा रीतीनं लेकीच्या घरी जायला एक सन्मानाचं कारण मिळालं. ललिताबाई तर शुक्रवारीच पिशवी भरून बसल्या. पुंजाजींनी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. हसवायचं तर गोष्टी सांगून हसवू, चारचौघांत तमाशा होऊ द्यायचा नाही. आपणही तीस वर्षं खात्यात इज्जतीनं काढली आहेत. रविवारी जेवताना त्यांनी वरण बेतानं घेतलं, वरून दोन कप कडक चहा प्यायले, खुर्चीत ताठ बसले आणि डोळे वटारून पडद्याकडे बघत राहिले.

हास्याचा लोट कानावर आदळला, तेव्हा त्यांना कळलं की आपण कुठेतरी पोचलो आहोत. शेजारी खांदे हलत होते. मागच्या अंधारातून कोणीतरी ओरडलं, "कंडक्टर साहेब, कुरणखेडले थांबते का?"

पुंजाजी आता पुरते जागे होते. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. मान तशीच कलती ठेवून ते खड्या आवाजात म्हणाले, "जलद गाडी हाये! नाही थांबत!"

आणि ललिताबाईंची ती किंकाळी अशी फुटली, की बाहेरचा डोअरकीपर बॅटरी घेऊन आत धावत आला. पुंजाजी मिटल्या डोळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकत राहिले. इतकं गोड त्यांना बऱ्याच दिवसांत काही वाटलं नव्हतं. चला, निदान अर्धा पिक्चर तरी झोपेत निघाला, असंही एक समाधान होतंच.

तेवढ्यात ललिताबाईंनी त्यांचा दंड हलवला.

"अवो, उठा आता. आंधी पिक्चर तं सुरू होऊ द्या. आतापर्यंत नुसत्या जाहिरातीच झाल्या."