बावीस-एफवरची बाई

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बुद्धिमान माणसं पुष्कळ आहेत. पण बुद्धीवर पोट भरणारा मी एकटाच. वीरधवल नाथाजी घोरपडे, खासगी गुप्तहेर, रहिमतपूर. माझी नजर घारीची आहे, चष्मा सापडला की. स्मरणशक्ती तर अशी, की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. फक्त तो कुणाचा ते आठवत नाही. सैन्यात सतरा वर्षं काढली. कोणत्या खात्यात, ते देशहितासाठी सांगता येत नाही. दादासो ज्याला त्याला "लंगरात हुते, चपात्या लाटाय" असं सांगत सुटतो, त्याला माझा इलाज नाही.

हा दादासो म्हणजे माझा मेहुणा आणि सहायक. डोक्यानं बेताचा. पण मोटरसायकल त्याची असल्यामुळे त्याला कामावरून काढता येत नाही.

त्या दिवशी सकाळीच गुणमालाअक्काचा फोन आला. अक्का आमच्या शेजारच्या गल्लीतली, समडोळीच्या मगदुमांत दिलेली. नवरा शांतिनाथ मगदूम, म्हणजे आमचे दाजी. ऊस, थोडी हळद, आणि गावच्या जैन मंदिराच्या कामात कायम पुढं.

"वीरधवल," अक्का रडत होती, "तुझ्या दाजीचं बाहेर काय तरी हाय रं."

"पुरावा?" मी विचारलं. धीर द्यायला गावात बाकीचे असतात.

"इमानाचं तिकीट घावलंय. पुणं ते रांची. त्यांचं आन् एका बाईचं."

रांची ऐकून मी उठूनच बसलो. रांचीला उतरून जैन मंडळी सम्मेद शिखरजीच्या यात्रेला जातात, हे मला माहीत होतं. अक्काला शिखरजीला जायची किती वर्षांची आस! रेल्वेचा दोन दिवसांचा प्रवास गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ती विमानाचं काढायची आणि दाजी दर वेळी "बघू" म्हणायचे. गुन्हेगाराच्या तोंडचा सगळ्यात धोकादायक शब्द कुठला असेल, तर तो "बघू".

आम्ही समडोळीत पोचलो तेव्हा अक्का सोप्यात पिशवी भरून बसली होती. "सांच्या यष्टीनं मी रहिमतपूरला चाललेय. कायमची. तवर काय शोधायचं ते शोध," ती म्हणाली आणि आमच्यापुढं पोहे ठेवले. पोह्यात कांदा नव्हता. मी दादासोला कोपरानं ढोसलं. "कांदा गायब आहे. घरात काहीतरी लपवलं जातंय."

"आवं, जैनाच्या घरात चतुर्दशीला कांदा कुठनं येईल?" दादासो म्हणाला आणि माझेही पोहे ओढले.

मी तिकीट तपासायला घेतलं. पहिलं नाव शांतिनाथ मगदूम, सीट चौदा-ए. दुसरं नाव सौ. कीर्ती मगदूम, सीट बावीस-एफ. दोघांसाठी जैन जेवण.

"सौ. आहे," मी गंभीरपणे म्हणालो. "म्हणजे दुसऱ्याची बायको."

"आन् आडनाव आमचं लावलंय मेलीनं!" अक्कानं पदर डोळ्याला लावला.

"जेवणही जैन घेतलंय. वेषांतर पोटापर्यंत गेलंय. आणि जागा बघ. एक चौदाव्या रांगेत, दुसरी बाविसाव्या. ओळख लपवण्यासाठी मुद्दाम लांब बसलेत."

"पैसं जादा दिलं न्हाईत तर इमानवालं नवराबायकूला असंच फोडून बसवत्यात," दादासो म्हणाला. "आमचा शंभूराज हनिमूनला गेला, तवा बायकू फुडं आन् ह्यो संडासाजवळ."

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. गुन्हा समजून घ्यायचा तर गुन्हेगाराच्या वाटेनं जावं लागतं. मी त्याच कंपनीच्या ॲपवर तोच प्रवास काढून पाहिला. भाडं दिसलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तर ते वाढलेलं! मी दचकून फोन पालथा घातला. सुलटा केला, तर आणखी वाढलं. मग खिडकीचे वेगळे, पाय लांब करायचे वेगळे, पिशवीचे वेगळे, आणि हे सगळे वेगळे घेतल्याबद्दल सोयीचा आकार म्हणून आणखी वेगळे. न विचारता विमाही काढून ठेवला होता, त्यात हातपाय तुटण्याचा दर सविस्तर दिला होता.

"ही टोळी आहे," मी जाहीर केलं. "आपण बघतोय हे त्यांना कळतंय. म्हणून भाव वाढतोय. कीर्ती ही त्या टोळीची बाई. भोळ्या बागायतदारांना गाठायचं, विमानात बसवायचं, आणि वर गेल्यावर लुटायचं."

"वर गेल्यावर काय लुटायचं ऱ्हातंय? सगळं तिकिटातच काढून घ्येत्यात की," दादासो पुटपुटला.

आता आरोपीची उलटतपासणी. दाजी आतल्या खोलीत चटईवर मांडी घालून बसले होते. मी समोर बसलो आणि माझी ती नजर लावली.

"दाजी, ही कीर्ती कोण?"

गप्प.

"कधीपासून चाललंय?"

गप्प.

"मुकाट्यानं सांगा!"

"मुकाट्यानं कसं सांगत्याल?" दादासो दारातून म्हणाला. "त्येंचं आज मौन हाय. चतुर्दशीला दिवस बुडंस्तवर बोलत न्हाईत."

अक्कानंही मान हलवली. "तीस वर्सं झाली, एकदा मोडलं न्हाई. गेल्या साली ट्रॅक्टरची फळी पायावर पडली, तरी हूं का चूं केलं न्हाई. मी बोंबलले."

असा साक्षीदार माझ्या कारकिर्दीत पहिलाच. पण मी खचलो नाही. "दाजी, शेवटचं विचारतो. बावीस-एफवरची बाई कोण?"

मौनात खाणाखुणाही करू नयेत म्हणतात. तरी दाजींनी कपाळावर हात मारला, आणि मग तोच हात उचलून सरळ बोट दाखवलं. गुणमालाअक्काकडं.

मी ताडकन उठलो. "पाहिलंस अक्का? स्वतः पकडला गेला की गुन्हेगार बोट फिर्यादीकडंच करतो! ह्यांचं म्हणणं, हे सगळं तुझ्यामुळं झालं."

"माझ्यामुळं?" अक्काचा आवाज फाटला. "आयुष्यभर ह्यांच्या रानात राबले, सासूचं केलं, सासऱ्याचं केलं. आन् बाईला इमान, मला बोट?" तिनं पिशवी उचलली. दाजींनी दोन्ही हातांनी पुन्हा तिच्याकडंच बोट दाखवलं. "बघ, आता दोन-दोन बोटं!" म्हणून ती हुंदके देत दाराकडं निघाली. खरं सांगतो, त्या वेळी मलाच भडभडून आलं. एवढा चांगला संसार, आणि मी आल्यापासून तासाभरात तो मोडीत निघाला होता.

तेवढ्यात दारात हरणाबाई. दाजींची थोरली बहीण, पलीकडच्याच घरात राहते. रडारड ऐकून आली होती.

"काय गं, कुणाचं काय झालं?"

"वन्सं, तुमच्या भावाला विचारा. कुणी कीर्ती आणलीया. इमानानं शिखरजीला न्हेत्यात तिला."

हरणाबाई दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "अगं येडे, कीर्ती तूच की!"

मी म्हणालो, "बाई, तपासात ढवळाढवळ नको."

"तू गप रं. लग्नात नवं नाव ठेवत्यात का न्हाई नवरीचं? ताटात तांदूळ पसरून ह्येनं अंगठीनं 'कीर्ती' लिहिलं. म्या शेजारी हुते. पर आमची आई म्हनली, गुणमाला काय वंगाळ हाय? आन् दुसऱ्या दिशीपासनं तिनंच गुणमाला म्हनाय सुरवात केली. नवं नाव तांदळातच ऱ्हायलं."

अक्का तोंडाला हात लावून उभी राहिली. "मला कुणी सांगितलंच न्हाई की. माझी मान तर खाली हुती."

"आन् ह्येनं तरी कवा हाक मारली तुला? आयुष्यभर 'ऐकलं का' न्हाईतर 'अगं'. नाव घ्यायला लाजतंय येडं. तिकिटाच्या रकान्यात 'पूर्ण खरं नाव' मागितलं आसंल, ह्येला वाटलं पंचांसमोर ठेवलेलं तेच खरं."

दाजी जोरजोरानं मान हलवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "मला पहिल्यापासून हाच संशय होता."

अक्कानं पिशवी खाली ठेवली. पण दादासोनं नको ते विचारलं. "आधारवर काय नाव हाय, अक्का?"

"गुणमाला."

"मग आत सोडणार न्हाईत."

सगळ्यांचे चेहरे उतरले. तिकिटावर लिहिल्याप्रमाणे नाव दुरुस्त करायची मुदत त्याच दुपारी संपत होती. मी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं, तर हिंदी आलं. एक बाई सांगत राहिली की आमचा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि मग सनई लावून जेवायला गेली. सनई दोनदा तुटली, दोनदा पहिल्यापासून दाबादाबी केली. ऊन सोप्यातून अंगणात गेलं. विमानानं वेळ वाचतो म्हणतात, तो बहुधा आधी असा काढून घेतात. शेवटी एक मुलगी आली, आणि नशिबानं मराठी बोलली.

"सर, नाव बदलता येत नाही. एखाददुसरं अक्षर चुकलं असेल तर दुरुस्त करतो."

"मॅडम, 'मगदूम' बरोबर आहे की! चुकलंय फक्त पहिलं."

"लग्नामुळे नाव वेगळं असेल तर सोय आहे सर, कागद पाठवावे लागतील. पण बुकिंग ज्यांनी केलं, त्यांनी स्वतः प्रवाशाचं नाव सांगायला हवं. पाच मिनिटांत मुदत संपतेय."

"मीच शांतिनाथ मगदूम," मी आवाज जाड केला.

"जन्मतारीख?"

मी फोन बाजूला धरला. सगळे दाजींकडं बघत होते. दिवस अजून चांगला वर होता. अक्काच आधी बोलली, "ऱ्हाऊ द्या. मौन मोडू नका. न्हाई गेले शिखरजीला तर काय हुतंय?" असं म्हणाली खरी, पण तिची नजर फोनवरच होती.

दाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. हात जोडून क्षणभर डोळे मिटले, जन्मतारीख सांगितली, आणि मग थांबले.

"प्रवाशाचं नाव, सर?"

त्यांचे कान लाल झाले. बहिणीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "गुणमाला," ते पुटपुटले.

"आवाज तुटतोय सर."

"गुणमाला."

"सर, जरा मोठ्यानं."

दाजी तसेच रेंजसाठी अंगणात गेले. आम्ही मागोमाग. रस्त्यानं वैरणीचे भारे घेऊन बाया चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"गुणमाला!" शांतिनाथ मगदूम भर दुपारी ओरडले. "गुणमाला मगदूम! माझी बायकू हाय ती! गुणमाला!"

अक्का त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तरी तिनं पदर सावरला, आणि म्हणाली, "ओ."