तिठ्यावरचा उतारा

"सोमवारी सफाई तपासणारी समिती येईल तवा वळ गावच्या रस्त्याव एक काडी जरी दिसली, तर नावाचा केसरीनाथ न्हाय!"

केसरीनाथ भोईरने ही प्रतिज्ञा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून केली आणि तिला शेपूट म्हणून एक नियमही जोडला. नाक्यावर काळा फळा लावायचा. रस्त्यावर जो काही टाकील, त्याचं नाव खडूने फळ्यावर लिहायचं. "मंग तो माजा सख्खा भाऊ असला तरी!"

सख्ख्या भावाने त्या दिवसापासून गुटख्याच्या रिकाम्या पुड्या खिशात ठेवायला सुरुवात केली. कारण माणूसच तसा होता! गावच्या जमिनींवर गोदामं उठल्यापासून दिवसाला शेकडो ट्रक जायचे, आणि केसरीनाथ रोज सकाळी पट्टेरी लेंग्यावर रस्त्यात उभा राहून त्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांशी भांडायचा. राग आला की कानशिलावरची शीर तट्ट फुगायची. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली होती, पण गोळीची आठवण करून दिली तरी तो भडकायचा. त्याच्या बायकोने, कमळने, हात टेकले होते. "एक दिस रस्त्यातच आडवं पडतील हे," असं ती शेजारणींना सांगायची आणि पदराने डोळे पुसायची.

रविवारी सकाळी मात्र नवल घडलं. चहा गार होता, तरी केसरीनाथ तो मुकाट्याने प्यायला! मग गावच्या सफाई पथकाची दहा माणसं झाडू आणि पोती घेऊन निघाली, तोच एका ट्रकमधून केळीची सालं थेट त्याच्या पायाशी येऊन पडली. सगळ्यांनी कानांत बोटं घातली. केसरीनाथने वाकून सालं उचलली आणि पोत्यात टाकली!

"केसरीशेठ, तबियत ठीक हाय ना?" अय्यूबने घाबरून विचारलं. अय्यूब भिवंडीतला लूमवाला. त्याचं कापडाचं गोदाम वळला होतं, म्हणून तोही पथकात.

"मला काय धाड भरलीय?" केसरीनाथ चक्क हसला.

गोदामांचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या तिठ्यावर मात्र पथक थबकलं. मधोमध एक पत्रावळ होती. तिच्यावर कापडाचा तुकडा, त्यावर भात, भातावर गुलाल, उकडलेलं अंडं, टाचण्या खुपसलेलं लिंबू आणि नारळ. उतारा! आदल्या दिवशी शनिवारची अमावस्या होती. कुणाच्या तरी अंगावरची पीडा उतरवून इथे आणून ठेवली होती, आणि जो उचलेल त्याला ती चिकटते हे शेंबडं पोरही सांगेल.

पथकातला सगळ्यात दणकट गडी मनोज. त्याच्या कंबरेत त्याच क्षणी उसण भरली.

"अय्यूबभाय, तुमी उचला," तो कण्हत म्हणाला. "तुमी कुठं हे मानता?"

"मानत न्हाय," अय्यूब दोन पावलं मागे सरकला, "पन हात पन लावत न्हाय!"

"भेकडांनो! कचरा तो कचरा!" केसरीनाथने पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कानशिलावरची शीर तट्ट फुगली! "कोन हा हलकट? उद्या समिती येनार आन आज हा उकिरडा? सापडू दे! आन हा कपडा बघा! असलं भिकार पट्ट्यांचं कापड गावात घालतो तरी कोन?"

पथकाने कापडाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मनोजला एकदम खोकल्याची उबळ आली.

"सांगा की! दातखीळ बसली का?"

केसरीनाथ तणतणत पत्रावळीसकट गावात शिरला. समोरून येणाऱ्या बाया पदर सावरून माघारी फिरल्या, दारं धडाधड लागली. गावात उतारे सांगणारी म्हातारी एकच, गोदू. तिच्या अंगणात जाऊन तो गरजला, "गोदूमावशे! हा कोनाचा? नाव सांग, आत्ताच्या आत्ता फळ्याव लिवतू!"

गोदूने कापड पाहिलं, केसरीनाथला पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. "घरी जा, लेका. कमळ सांगंल."

कमळ अंगण सारवत होती. पत्रावळ दिसताच ती मटकन पायरीवर बसली. "अरं देवा! घेऊन आले परत!"

"काय परत?"

"तुमचा राग! काल दिवेलागणीला तुमच्यावरनं उतरवला. टीव्हीसमोर बसून बातम्यांवर वराडत व्हते तुमी, मागं काय चाललंय ते कललं पन न्हाय. तुमच्याच जुन्या लेंग्याचा तुकडा घातला. आन सकाली थंड चहा गपचूप प्यायलात! मला वाटलं, सुटला बाई माजा मानूस. वाचला!" आणि ती रडायला लागली.

केसरीनाथने अंगावरच्या लेंग्याकडे पाहिलं. पट्टे तेच होते. दारात अख्खं पथक उभं होतं, आणि नियम तर नियम!

"लिवा माजं नाव," कमळ डोळे पुसत उठली. "पन काय टाकलं ते बी लिवा. न्हाय तर खडू द्या, मीच लिवते."

सोमवारी तालुक्याची समिती आली. रस्ता आरशासारखा होता. साहेबांनी फळ्यावरची वाकडी अक्षरं मोठ्याने वाचली: "रस्त्यावर टाकलेली वस्तू, राग. टाकणार, कमळ. मालक, केसरीनाथ भोईर. वस्तू मालकाने परत नेली आहे."

साहेब पोट धरून हसले. केसरीनाथही ओठ दाबून कसाबसा हसला. पत्रावळ उचलल्यामुळे काही झालेलं नाही, हे आज गावाला दाखवायचंच, असा त्याने पण केला होता.

तेवढ्यात साहेबांच्या जीपच्या ड्रायव्हरने चहाचा रिकामा कप खिडकीतून भिरकावला. कप घरंगळत केसरीनाथच्या चपलेपाशी थांबला. पथकाने श्वास रोखला. केसरीनाथने डोळे मिटले, दहापर्यंत आकडे मोजायला घेतले आणि तीनवर त्याचा आवाज फुटला! साहेब दचकून फळ्यावर आपटले, ड्रायव्हर जीप सोडून पळाला, आणि कप हातात घेऊन केसरीनाथ त्याच्यामागे तिठ्यापर्यंत धावला.

बायकांच्या घोळक्यातून कमळ हळूच गोदूपाशी सरकली.

"गोदूमावशे, येती अमावस्या कवा हाय? या टायमाला पार अकलोली गावाच्या पलीकडं नेऊन ठेवू. तिथवर ह्यांचं पथक जात न्हाय."