पाळण्यातली थोरली

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, आणि म्हातारा होतो तेव्हाही विचारत नाही. इतक्या मोठ्या दोन गोष्टी माणसाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत, त्या अर्थी त्या सरकारच्याच असल्या पाहिजेत. आमच्या सरकारला हे उशिरा का होईना उमगलं आणि त्याने दोन खाती उघडली. एक जनसंख्या प्रोत्साहन खातं, दुसरं ज्येष्ठ नागरिक सुव्यवस्था खातं. लोक त्यांना पाळणा खातं आणि काठी खातं म्हणतात. (लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा?) दोन्ही एकाच इमारतीत आहेत. काठी खातं तिसऱ्या मजल्यावर आहे, कारण म्हाताऱ्यांना व्यायाम हवा. पाळणा खातं तळमजल्यावर, आणि तिथे इतकी शांतता की कारकुनांनाही अंगाई लागत नाही.

पाळणा खात्याचे मोठे साहेब अविवाहित आहेत. ही त्यांची उणीव नव्हे, पात्रता आहे. ज्याच्या घरी पोरं आहेत त्याला या विषयावर विचार करायला फुरसत कुठली?

साहेबांनी आल्या आल्या 'स्नेहसंध्या' सुरू केली. दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्या शहराचे दिवे बंद. नवराबायकोला बघायला एकमेकांशिवाय काही उरूच नये, अशी त्यामागची दूरदृष्टी. कल्पना सोन्यासारखी होती. एवढंच झालं की दिवे गेले की लिफ्ट अडकतात, आणि माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे दर स्नेहसंध्येला तो कुठल्या तरी इमारतीतल्या लिफ्टच्या बोगद्यात लोंबकळत दुसऱ्यांच्या जोड्या बाहेर ओढत असायचा आणि सून घरी बॅटरी हातात धरून पेंगत असायची. एक जोडपं मात्र सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये बराच वेळ अडकलं, आणि यथाकाल त्यांना जुळं झालं. खात्याच्या अहवालात आलं: घरातील यश शून्य टक्के, लिफ्टमधील यश दोनशे टक्के. मग आठवड्यातून तीनदा लिफ्ट बंद पाडायचं ठरलं. माझ्या मुलाला त्यानंतर संध्याकाळ कशी असते ते फक्त ऐकून माहीत.

सून गाद्यांच्या कारखान्यात गाद्यांच्या कडा शिवते. दिवसभर लोकांच्या झोपेची सोय करते आणि घरी येऊन बसल्या बसल्या झोपते. ती येते तेव्हा हा निघतो. एकजण बूट काढतोय, दुसरा घालतोय, एवढाच काय तो संसार. नवराबायको कसले, एका चपलांच्या फळीची दोन गिऱ्हाइकं.

लोकांना मुलं का होत नाहीत याचा खात्याने सखोल अभ्यास केला. एकोणचाळीस टक्के महागाई, सत्तावीस टक्के मोबाईल, अठरा टक्के 'सांगता येत नाही' आणि उरलेले सोळा टक्के सासू. मला राग आला नाही. शाळेत मला कधी सोळा टक्के मिळाले नव्हते, ते इथे बसल्या जागी मिळाले.

या अभ्यासातून पाळणा योजना जन्माला आली. (त्या वर्षी खात्यात जन्माला आलेली तेवढीच.) प्रत्येक जोडप्याच्या घरात सरकारी पाळणा बसवायचा. पुढच्या पाहणीला तो रिकामा दिसला तर घरात जागेची अडचण आहे असं समजायचं, आणि जागा व्हावी म्हणून घरातलं जास्तीचं ज्येष्ठ माणूस गावाबाहेरच्या विश्रांतीभवनात हलवायचं. साध्या भाषेत, पाळणा भरा नाहीतर म्हातारी उचला.

विश्रांतीभवन मी पाहिलेलं आहे. स्वच्छ आहे. खिडक्या मोठ्या आहेत. ऊन असतानाच रात्रीचं सूप देतात. सगळं आहे, फक्त ओरडायला माणूस नाही. ओरडावं तर समोरच्याला ऐकू येत नाही, आणि त्याने उलट ओरडावं तर आपल्याला. नवरा गेल्यापासून हे घर मी माझ्या जिभेवर चालवलंय. कुठला डबा कुठल्या फळीवर, हे आजही मी ठरवते. ते सोडून मी त्या विश्रांतीभवनात जाऊन कुणाच्या फळ्या लावू?

तरी मुलाला आणि सुनेला बसवून मी स्पष्ट सांगितलं की माझी खाट वाचवायला तुम्ही पोर काढू नका. बसमध्ये जागा धरायला रुमाल टाकतात, पोर टाकत नाहीत. मुलगा बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिला. सुनेने मान डोलावली. ती झोपली होती.

पाळणा आला. पाळण्यांचं कंत्राट इस्पितळाच्या खाटा करणाऱ्याला गेलं होतं आणि त्याच्याकडे लहान माप नव्हतं. दारातून आत येईना, म्हणून चौघांनी दोर लावून गॅलरीतून घेतला. मुलाने त्याच्या सवयीने साखळ्या ओढून पाहिल्या आणि म्हणाला की यात आठ माणसं बसली तरी भीती नाही. सुनेने कारखान्यातून कड तिरकी गेलेली एक गादी आणून टाकली. पाळणा ठेवायला जेवणाचं टेबल बाहेर काढावं लागलं. जागेची अडचण आधी नव्हती ती आता झाली, म्हणजे खात्याचा अंदाज खराच निघाला.

मला पाठीचं दुखणं जुनं आहे. एका दुपारी मी त्या पाळण्यात नुसती टेकले. मग कलंडले. असं सुख मला माझ्या आईनेही दिलं नव्हतं. तिच्या पाळण्यात आम्ही तिघं भावंडं असायचो. त्यानंतर दुपारची झोप तिथेच.

अशाच एका दुपारी पाहणीवाला आला. सून घरी होती. तिने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं आणि हळू बोलायला सांगितलं, मी झोपमोड झाल्यावर काय करते ते तिला माहीत. पाहणीवाला चवड्यांवर आत आला. त्यांच्या कामाची रीत अशी की माणसं मोजायची नाहीत, पाळणे मोजायचे. आणि पांघरूण काढायचं नाही, बाळाला गार लागतं. बाहेरून दिसतील त्या खुणा लिहायच्या. त्याने लिहिलं: केस विरळ, दात नाहीत (ते वाटीत होते), मुठी आवळलेल्या. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझे तर टाचांच्या भेगांसकट कठड्याबाहेर दिसत होते. 'बाळसं चांगलं' असा शेरा त्याने त्यावरूनच मारला असावा. मग मी जागी झाले आणि परका पुरुष उशाशी पाहून जे बोलायचं ते बोलले. त्याने शेवटची ओळ लिहिली: रडणे खणखणीत, फुप्फुसे उत्तम.

आठवडाभरात सुनेला अभिनंदनाचं पत्र आणि कारखान्याकडून सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा. कन्यारत्न.

मुलगा सरळमार्गी. चूक दुरुस्त करायला खात्यात गेला. तिथला कारकून सज्जन होता. तो म्हणाला, "भरलेला पाळणा रिकामा करायला आमच्याकडे एकच रकाना आहे. मृत्यू. लिहू का?"

मुलगा म्हणाला, "राहू दे." आणि येताना माझ्यासाठी खुळखुळा घेऊन आला; तो सोबत मोफत होता.

पुढे कळलं की मी एकटी नव्हते. पाठ काय माझीच दुखते? शहरभर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दुपारचे पाळणे धरले होते आणि पाहणीवाले बरोबरच्या खुणा करत गेले होते. जन्मदर असा चढला की खात्यात पेढे वाटायला माणसं कमी पडली. तिकडे काठी खात्याचा जिना ओस पडला. खरा प्रकार मोठ्या साहेबांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी मोठेपणा दाखवला. लहान माणूस चूक सुधारतो. मोठा माणूस तिला नाव देतो. साहेबांनी 'पुनर्बाल' असं नाव दिलं. सत्तरीच्या पुढचा जो नागरिक पाळण्यात आढळेल तो नव्याने जन्मला असं समजावं. कारणं अशी: त्याला मऊ लागतं, तो सांडतो, तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, आणि घरातल्यांना त्याचं कौतुक दुसऱ्यांसमोरच असतं. देशात एका ठरावाने बालकं वाढली आणि म्हातारे घटले. औषधाविना, खर्चाविना, आणि कुणालाही प्रसूतिवेदना न होता.

तर कायद्याने सून माझी आई झाली. लग्न होऊन आल्यापासून ती मला आई म्हणत होती, आता मला फिरवून तेच म्हणायची पाळी. परिचारिका येऊन मला लस टोचून गेली. वजनाला काटा आणला होता, तो तिने मला बघून पिशवीतून काढलाच नाही. सून पेला घेऊन उभी राहायची.

"आई, दूध संपवा. मी तुमची आई आहे आता."

"आई असशील. पण दूध उतू न घालवता तापवायला तुला कुणी शिकवलं?"

"तोंडात दूध असताना बोलायचं नाही."

इतकी वर्षं पोटात साठवलेलं तिने त्या रजेत माझ्यावर वसूल केलं. मी चिडले असते, पण वाक्यं सगळी माझीच होती. चांगली बसवली होती तिने.

आधी ती नुसती झोपली. मग उठली. मग एक दिवस स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला आणि मी पाळण्यातून मान काढून पाहिलं, कोण परकी बाई आली म्हणून. मुलालाही नव्या बापाची सवलत मिळाली, संध्याकाळच्या लिफ्टमधून सुटका. दोघं गॅलरीत बसायला लागली. भांडायलासुद्धा लागली, पंख्याच्या वेगावरून, उशीवरून, काहीच नसलं तर त्यावरून. भांडायला वेळ लागतो हो. तो त्यांना कधी मिळालाच नव्हता. आणि मग दिवे चालू, लिफ्ट चालू, सगळं चालू असताना, जे खात्याच्या तज्ज्ञांना जमलं नव्हतं ते झालं. सुनेला दिवस गेले.

गावभर सांगायला मी पाळण्यातून पळत सुटले असते, पण मुलाने साखळ्यांना कडी घातली होती.

खात्याला ही बातमी कळवली तर तिथे चेहरे उतरले. बरोबरच आहे. एका घराला पाळणा एक, एका पाळण्याला बाळ एक. अंगावरची मुलगी इतकी लहान असताना दुसरं बाळ म्हणजे बेशिस्त. शिवाय आईची रजा तर माझ्यावर खर्च झालेली. (तिच्यासाठी कारखान्याच्या मालकाला मीच गाठलं. त्याच्या दारात मी बालकाच्या हक्काने रडले. फुप्फुसं उत्तम असल्याचा दाखला होताच. त्याने आणखी सहा महिने दिले आणि वर दार लावून घेतलं.) पण पाळण्याचा प्रश्न सुटेना. दोघांपैकी एकाने ज्येष्ठ व्हायला हवं आणि पाळण्यातून उठवलेला ज्येष्ठ भरल्या पाळण्याच्या घरातही जास्तीचाच ठरतो, म्हणजे विश्रांतीभवन.

नातू झाला त्या दिवशी मी पिशवी भरली. दोन लुगडी, चष्मा, दातांची वाटी. माझं बालपण दोनदा झालं, फार झालं, असं म्हणत दारापर्यंत गेले. सून ओल्या अंगाची, भिंतीला धरून उभी होती. तिने पिशवीचा दुसरा बंद धरला.

"मला पोर एकटीनं वाढवायचं असतं तर मी केव्हाच जन्माला घातलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही घरात आहात म्हणून हिंमत केली. आता तुम्ही कुठे निघालात?"

मी तिला सासूच्या सोळा टक्क्यांची आठवण करून दिली.

"उरलेले चौऱ्याऐंशी कुणी सांभाळले?" असं म्हणून तिने पिशवी आत ओढली आणि पोर माझ्या हातात दिलं.

त्याच हातांनी मी त्याला घेऊन काठी खात्याचे तीन मजले चढले. खिडकीत एक कारकून एकटा बसला होता. खातं बंद पडायला आलं होतं, म्हातारे उरलेच नव्हते ना. मी त्याला म्हटलं, बाबा, नोंद घे. याला चालता येत नाही. दात नाहीत. केस नाहीत. दिवसा डुलक्या काढतो, रात्री सगळ्यांना उठवतो. हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करतो. काही काम करत नाही, आणि सगळं याच्या मर्जीनं व्हावं लागतं. हा कोण?

"ज्येष्ठ," कारकून सवयीने म्हणाला. मग त्याने पोराकडे पाहिलं. मग रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. आणि लिहून टाकलं. नोकरी कुणाला नको असते?

तर माझा नातू आता कागदोपत्री बहात्तर वर्षांचा आहे. पाळणा माझ्यामुळे भरलेला, म्हणून घरात जागेची अडचण नाही, म्हणून त्याला कुठे हलवता येत नाही. दोघंही घरात. त्याला सरकारी काठी मिळाली आहे, बसमध्ये राखीव जागा आहे, आणि समाजाच्या दीर्घ सेवेबद्दल शाल. शाल त्याने पहिल्याच दिवशी ओली केली. कायद्याने तो माझा धाकटा भाऊ, पण वयाने थोरला, म्हणून मी त्याला अहोजाहो करते. "अहो, ढेकर द्या," म्हणते. देतात बिचारे.

आमचं पाहून इतरांनीही तेच केलं. आज देशातली सगळी बालकं सत्तरीच्या पुढची आहेत आणि सगळे ज्येष्ठ वर्षाच्या आतले. दोन्ही खात्यांचे आकडे नमुनेदार आहेत. परदेशातून माणसं बघायला येतात आणि वही भरून नेतात.

परवा पाहणीवाला पुन्हा आला. दाराला कडी नव्हती. सून कारखान्यात, मुलगा लिफ्टच्या बोगद्यात, मी पाळण्यात आणि थोरले माझ्या पोटावर. त्याने विचारलं की या दोघांचं करणारं घरात कोण आहे. मी म्हटलं, तूच बघ तुझ्या यादीत. त्याने पुष्कळ पानं उलटली. पाळण्यातल्यांचा रकाना होता, काठीवाल्यांचा होता. मधल्यांचा रकानाच नव्हता. मधल्यांसाठी खातं नाही, रजा नाही, खुळखुळासुद्धा नाही. त्यांची गणती कधी झालेलीच नाही. ते असतात, असं सरकारने गृहीत धरलंय.

तुम्ही इथवर वाचत आलात म्हणजे तुम्हाला दात आहेत, हसताना ते दिसले. डोळे शाबूत आहेत, बसायला खुर्ची आहे. म्हणजे तुम्ही मधलेच. मग हे हसणं आता पुरे करा. आतल्या खोलीतून मघापासून कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं वाचत बसलाय. बाळ आहे की म्हातारं, ते सरकार ठरवेल. तुम्ही उठा आधी.