सच्छिद्र भिंतीची शास्त्रशुद्ध मोजणी

भिंतीला भोक असणे हा दोष आहे आणि भोक असलेल्या भिंतीचा अभ्यास करणे ही विद्वत्ता. या तत्त्वावर एका संशोधन संस्थेतला अख्खा विभाग उभा होता आणि झरोकासर त्याचे प्रमुख होते. दोन सच्छिद्र भिंतींमधून खवळलेली हवा सोडली तर उष्णता कुठून कशी पळते, यावर त्यांनी हयात घालवली होती. (उष्णता अद्याप हाती लागलेली नाही, पण ती पळते यावर तज्ज्ञांचे एकमत आहे.)

विभागाची मोजणीची पद्धत मोठी निर्मळ होती. हवा खवळली की काटा थरथरतो आणि थरथरत्या काट्याचा आकडा कोणी छापत नाही, म्हणून पंखा अगदी हळू ठेवत. भोकांतून हवा निसटली की हिशेब चुकतो, म्हणून मोजणीपुरती भोकांवर चिकटपट्टी लावत. अशा रीतीने खवळलेल्या हवेचा आणि सच्छिद्र भिंतींचा अभ्यास शांत हवेत, बंद भिंतींमध्ये बिनबोभाट चाले. निष्कर्ष आधीच्या सरांच्या निष्कर्षांशी तंतोतंत जुळत. चिकटपट्टीची प्रथाही त्यांनीच घालून दिली होती.

घरी मात्र स्वयंपाकघर भट्टीसारखे तापे. बायकोला ओट्यापाशी घेरी आली तेव्हा सरांनी धावत जाऊन तिला सावरले. तिच्यावर त्यांचा जीव होता. त्यांनी तडक आपले सूत्र काढले आणि स्वयंपाकघर व अभ्यासिका यांच्यामध्ये भोकाभोकांची भिंत बांधून घेतली. (खिडकी मोठी करण्याचाही विचार झाला, पण खिडकीवर निबंध होत नाही.)

थोड्याच दिवसांत तिने सांगितले की उकाडा होता तसाच आहे. सरांनी तापमापक आणला. शेगडी पेटलेली असताना काटा स्थिर राहीना, शिवाय बायको मध्ये वावरून हवा ढवळत होती. तेव्हा त्यांनी शेगडी विझवली, तिला बाहेर बसवले आणि बऱ्याच वेळाने आकडा घेतला. स्वयंपाकघर चक्क थंड निघाले.

"बघ, कुठे उकडतंय?" सर म्हणाले.

"मी आत नसताना नाही उकडत," ती कपाळ पुसत म्हणाली. "आता शेगडी पेटवते. तुम्हीच उभे राहा आणि मोजा."

सर उभे राहिले. कांदा लाल होईपर्यंत त्यांनी कसाबसा तग धरला. घाम डोळ्यांत उतरला, काटा दिसेना, आणि उष्णता कुठे जाते हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळले. ती कुठेच जात नव्हती, शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसात मुरत होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. मग ते बाहेर आले, पंख्याखाली बसले आणि त्यांच्यातला शास्त्रज्ञ शुद्धीवर आला. एका माणसाच्या एका अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांनी तिला समजावले. भाजी करपत होती, त्यामुळे ती ऐकता ऐकताच आत गेली.

यावर वाचकांना हसू आले असल्यास ते रास्तच आहे. आपण हे कुठे बसून वाचत आहोत आणि या क्षणी आत शेगडीपाशी कोण उभे आहे, एवढी नोंद मात्र प्रत्येकाने घ्यावी. प्रस्तुत लेखकानेही ती घेतली. जेवायला हाक आल्यावर.