श्रावणभाऊंची काही हरकत नाही

श्रावणभाऊंनी सकाळी वडशातल्या नाटक कंपनीच्या ऑफिसचं शटर वर केलं, आत येऊन सवयीनं भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीकडे पाहिलं, आणि त्यांना तिथे आठ श्रावणभाऊ दिसले.

एक नायक होता. एक खलनायक होता. एकाच्या खाली 'विनोदी नोकर' असं लिहिलेलं होतं आणि एकाच्या खाली 'नायिका'. फोटो मात्र सगळीकडे तोच, आधार कार्डावरचा. त्या फोटोत तोंडावर जो घाबरा भाव होता, तोच आता खऱ्या तोंडावरही उतरला.

"रोशनी, बेटा," ते हळूच म्हणाले, "हा टीव्ही बिघडला का?"

कोपऱ्यात लॅपटॉपशी बसलेली रोशनी म्हणाली, "टीव्ही ठीक आहे काका. शनिवारच्या प्रयोगाची पात्रयोजना आहे ते. कॉम्प्युटरच्या इंजिननं काल संध्याकाळीच काढली."

"पण सगळीकडे मीच आहो."

"तेच तं मी पाहून राह्यली."

रोशनी ही कंपनीचे मालक धनराजभाऊ यांची मुलगी. हैदराबादला ती मोठमोठ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कर्ज कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, विम्याचा दावा कधी मान्य करायचा, असे बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हजार नियम असतात. ते एका जागी नीट लिहून ठेवले की इंजिन त्यांवरून आपोआप निर्णय देतं, आणि कोणत्या नियमामुळे काय झालं ते रंगीत चित्रांनी दाखवतं. दिवाळीला घरी आलेल्या रोशनीनं वडिलांची दरवर्षीची ओढाताण पाहिली. दिवाळीनंतर गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की कोण जाणार, कोण नाही, यावरून ऑफिसात रोज महाभारत. "बाबा, बँक चालते तं तुमची कंपनी काऊन नाई चालणार?" असं म्हणून तिनं एकेका कलाकाराला बोलावलं आणि ज्याची जी हरकत असेल ती इंजिनासाठी लिहून घेतली.

नायकाचं काम करणारा राजदीप म्हणाला, "हिरो जीपमंदी समोरच्याच सीटवर बसन. नाई तं येत नाई." विनोदी काम करणारा मंगरू म्हणाला, "मागं बसलं की मले मळमळते. समोरची सीट नसन तं मले धरू नका." खलनायक पत्रूनं सांगितलं, की वाटेत सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ल्याशिवाय आपला आवाज निघत नाही. नीलिमा नायिका. ती म्हणाली, "ज्या गाडीत खर्रा, त्या गाडीत नीलिमा नाई. लिहून घे." उरलेल्या चौघांनीही आपापली एकेक हरकत नोंदवून टाकली. दुसऱ्याची हरकत आहे आणि आपली नाही, हे कलाकाराला शोभत नाही.

शेवटी रोशनीनं श्रावणभाऊंना विचारलं. ते कंपनीचे प्रॉम्प्टर. विंगेत अंधारात उभं राहून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली होती. ते इतके लाजाळू, की हॉटेलात चहात साखर कमी पडली तरी तसाच पिऊन उठायचे.

"माही काई हरकत नाई," ते म्हणाले होते.

कंपनीची जीप एक, तिची पुढची सीट एक. इंजिननं हिशेब केला, कोणाची अट कोणाच्या अटीशी जुळेना, आणि त्यानं सगळे कलाकार बाद केले. मग त्याला धनराजभाऊंचा नियम सापडला: 'प्रयोग रद्द करायचा नाही, माणूस कमी पडला तर ज्याला संवाद पाठ आहेत आणि ज्याची हरकत नाही, त्याला उभा करायचा.' सगळे संवाद पाठ असलेला आणि एकही हरकत नसलेला माणूस सबंध कंपनीत एकच होता.

खरं म्हणजे या हरकती दरवर्षीच्याच. दरवर्षी जीप निघायच्या वेळी सगळे तिच्याभोवती पाठ फिरवून उभे राहायचे. मग श्रावणभाऊ एकेकाजवळ जाऊन, "राजा, तू तं मोठ्या मनाचा," असं काहीबाही पुटपुटायचे आणि सगळे कुरकुरत आत कोंबून बसायचे. रुसायचं, समजूत काढून घ्यायची आणि मग बसायचं, अशी इथली रीत. इंजिनाला रुसणं कळलं होतं. त्यानंतरचं 'मग' कोणी लिहून दिलंच नव्हतं.

"पुसून टाक ना बेटा," श्रावणभाऊ कळवळून म्हणाले. "कोणी पाह्यलं नाई अजून."

रोशनी म्हणाली, "काका, यादी पक्की झाली की ते आपोआप छापखान्यात आणि गावच्या कमिटीले जाते. म्या तशीच जोडणी केली."

तेवढ्यात श्रावणभाऊंचा फोन वाजला. मुरुमटोल्याहून त्यांचे मेहुणे रामाजी बोलत होते. शनिवारची मंडई त्यांच्याच गावची आणि कमिटीचे अध्यक्षही तेच.

"भाऊजी! अजी, तुमी तं छुपे रुस्तम निघाले ना! आठही पार्ट तुमीच? पोस्टर लावले जी चौकात. भोंगा लावून गाडी फिरवून राह्यलो चार गावात. बाईले सांगतलं म्या सकाळीच."

"कोणत्या बाईले?" श्रावणभाऊंनी विचारलं, पण उत्तर ऑफिसच्या पायऱ्या चढूनच येत होतं.

त्यांची पत्नी बायनाबाई हातात डबा घेऊन आली. डबा देताना ती सहसा "भाजी खारट झाली, चुपचाप खा," यापलीकडे काही बोलत नसे. आज ती टीव्हीसमोर उभी राहिली आणि आठही फोटो सावकाश पाहत गेली.

"एवढ्या वर्सापासून माहेरचे विचारतेत, तुझा नवरा नाटकात आहे म्हणतं तं दिसत काऊन नाई?" ती म्हणाली. "मी सांगो, मागं आहेत. तं माही वहिनी म्हणे, मागं तं गाडीचा डायवरही असते." तिनं पदरानं डोळे टिपले. "आता पाहा म्हणा. पर ते नायिकेचं काम तेवढं सोडून द्या जी. शोभत नाई तुमाले."

तिला खरं काय ते सांगायला श्रावणभाऊंनी तोंड उघडलं. विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायला ते कधी चुकले नव्हते. स्वतःसाठी मात्र जवळ एकही शिल्लक नसायचा. स्टेजवर उभं राहायच्या नुसत्या कल्पनेनं त्यांना पळून जावंसं वाटत होतं, आणि बायकोचा चेहरा तर लग्नानंतर पहिल्यांदाच इतका उजळलेला दिसत होता.

बायनाबाई गेली आणि पोस्टरची बातमी ऐकून कलाकार मंडळी येऊन थडकली.

"मी मेलो का?" राजदीपनं दारातूनच विचारलं. "माह्या जागी श्रावणभाऊ? तिरंदाजीच्या सीनमंदी भाऊ धनुष्य उचलन का?"

"तुह्याच हरकतीनं झालं," मंगरू म्हणाला.

"माह्या? ते लाल रंगाची एवढी मोठी फोड कोणाची आहे, पाह्य जरा!"

रोशनीनं टीव्हीवर गोल चित्र लावलं होतं. कोणाच्या हरकतीनं प्रयोग किती अडला, ते त्यात भाकरीच्या तुकड्यांसारखं दिसत होतं. सगळ्यांनी आधी दुसऱ्याचा तुकडा पाहिला, मग आपला.

"तिचा माह्यापेक्षा मोठा आहे," पत्रू समाधानानं म्हणाला.

"खर्रा तू खातं अन् तुकडा माहा मोठा?" नीलिमा कडाडली. "बंद कर ते, रोशनी!"

"हरकत मागं घेतली की तुकडा जाते," रोशनी म्हणाली. "कोण घेते मागं?"

आधी राजदीपनं घ्यावी, असं मंगरूचं मत. आधी मंगरूनं, असं राजदीपचं. सगळ्यांनी सवयीनं पाठी फिरवल्या आणि आता श्रावणभाऊ येऊन समजूत काढतील म्हणून वाट पाहत उभे राहिले.

श्रावणभाऊ आलेच नाहीत. ते कधीच उठून बाहेर गेले होते आणि समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर, हातातला चहा निवत असताना, रस्त्याकडे पाहत बसले होते.

"भाऊ बाहीर काऊन बसला?" मंगरूनं विचारलं.

मंडळींच्या मागून आलेल्या धनराजभाऊंनी दारातून डोकावून पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "रुसला वाटते."

वैनगंगा उलटी वाहायला लागली असं सांगितलं असतं तरी मंडळी इतकी हादरली नसती.

"श्रावणभाऊ रुसला?" नीलिमा म्हणाली. "मंग आता समजावाचं कोणी?"

ते काम कोणालाच येत नव्हतं. शेवटी राजदीप पुढे झाला. बाकड्यापाशी जाऊन अवघडून उभा राहिला.

"भाऊ, मी मागं बसतो. झालं?"

मी रुसलो नाही रे बाबा, असं श्रावणभाऊंना म्हणायचं होतं. पण शनिवारच्या भीतीनं नुसते ओठ हलले.

"कमी पडलं वाटते," राजदीप मागे वळून म्हणाला. "बरं भाऊ, टपावर बसतो!"

मग मंगरू आला. "मळमळलं तं मळमळलं भाऊ, निंबू आणतो मी संगं." पत्रूनं खिशातून खर्र्याची पुडी काढून भाऊंच्या पायाशी ठेवली, शस्त्र ठेवावं तशी. ते पाहून नीलिमा विरघळली. "खाऊ द्या त्याले भाऊ, आवाज बसन त्याचा. मी खिडकी उघडी ठेवते." श्रावणभाऊ जितके गप्प, तितकी मंडळी अधिक अधिक सोडत गेली. मागून उरलेले चौघेही आले. रोशनी लॅपटॉप घेऊन टपरीवरच येऊन बसली आणि एकेक हरकत खोडत गेली. ऑफिसातल्या टीव्हीवरचं लाल गोल हिरवंगार झालं.

"काका, सगळे यायले तयार झाले," ती म्हणाली. "तुमी आपल्या विंगेत."

श्रावणभाऊंनी थंड चहा एका घोटात संपवला. आणि मग त्यांना घरी कोण वाट पाहत आहे ते आठवलं.

घरी बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. माहेरी जायला काढलेलं नवं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"तू तं मोठ्या मनाची," श्रावणभाऊंनी सुरुवात केली.

"ते त्या राजदीपले सांगा," भिंतीकडून उत्तर आलं. "मी माहेरी जात नाई. चौकात तुमचा फोटो, अन् स्टेजवर तुमी नाई. वहिनी काय म्हणन?"

तोडगा रामाजींनीच काढला. पोस्टर फाडणं म्हणजे गावाचं हसं करून घेणं होतं. तेव्हा नाटकाआधी जावयाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. लोकांना भाऊजी दिसतील आणि भाऊजींनी दोन शब्द बोलावेत.

"कोणते दोन?" श्रावणभाऊंनी हादरून विचारलं.

"मी सांगन ना," बायनाबाई वळून म्हणाली. चेहरा पुन्हा उजळला होता. "तुमी सगळ्यायले सांगता, तुमाले मी सांगन. विंगेत उभी राहीन. मी जे म्हणन ते म्हणा."

शनिवारी दिवेलागणीला मुरुमटोल्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. श्रावणभाऊंनी प्रेक्षक नेहमी बाजूनं, विंगेच्या फटीतून पाहिले होते. लोकांना तोंडं असतात हे त्यांना ठाऊक होतं. समोरून ती इतकी असतात हे ठाऊक नव्हतं. रामाजींनी शाल घातली, नारळ दिला, माइक तोंडापाशी आणला आणि बाजूला झाले. डाव्या विंगेत नव्या लुगड्यातली बायनाबाई उभी होती.

"नमस्कार म्हणा," ती कुजबुजली.

"नमस्कार म्हणा," श्रावणभाऊ माइकमध्ये म्हणाले.

"नमस्कार!" सगळा मंडप एका आवाजात म्हणाला.

"अजी, लोकायले नाई, तुमी म्हणा!"

"अजी, लोकायले नाई, तुमी म्हणा!"

मंडपात हशा उसळला. पहिल्या रांगेत बसलेली वहिनी तर खुर्चीवरून घसरायचीच बाकी होती.

"काय माणूस आहे हा! शाल सावरा, घसरून राह्यली!" विंगेतून आवाज आला.

"काय माणूस आहे हा," श्रावणभाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं. "शाल सावरा, घसरून राह्यली." शेजारी उभ्या रामाजींनी दचकून आपला खांद्यावरचा दुपट्टा सावरला. शिट्ट्या सुरू झाल्या.

बायनाबाईनं कपाळावर हात मारला. "ना बाप्पा! बस झालं आता. या इकडं!"

"ना बाप्पा! बस झालं आता. या इकडं!"

रंगपटात मेकअप करत असलेल्या मंडळींचे कान वर्षानुवर्षं त्या एका आवाजाला बांधलेले होते. तो आवाज 'या' म्हणाला की कोणीही विचार न करता जायचं, हीच सवय. राजदीप अर्ध्या मिशीनिशी धावत आला. नीलिमा एका कानात झुमका घालून आली. मंगरू निंबू चोखत, पत्रू गालात खर्रा धरून, आणि मागून बाकीचे चौघे. जीपमध्ये एका सीटवरून भांडणारी आठही माणसं घटकेत श्रावणभाऊंच्या बाजूला ओळीनं उभी राहिली आणि आता पुढचं वाक्य काय, म्हणून त्यांच्याच तोंडाकडे पाहू लागली.

श्रावणभाऊंनी विंगेकडे पाहिलं. बायनाबाईनं दोन्ही हात हलवले. तिच्याजवळचे शब्द संपले होते.

समोर अख्खा मंडप, बाजूला आठ माणसं, आणि कोणालाच काही ठाऊक नाही. श्रावणभाऊंनी शाल खांद्यावर नीट घेतली. घसा साफ केला. माइक स्वतःच्या हातानं थोडा जवळ ओढला.

"पडदा पाडा," ते म्हणाले.

पडदा पडला. पलीकडे टाळ्या काही केल्या थांबेनात. बायनाबाई विंगेतून बाहेर आली आणि नवऱ्याकडे नव्यानं पाहिल्यासारखी पाहत राहिली.

"हे तं म्या सांगतलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाई ना," श्रावणभाऊ म्हणाले, आणि राजदीपला उरलेली अर्धी मिशी लावून यायला सांगून स्वतःच्या विंगेत जाऊन उभे राहिले.