कोणाकडे आलात?

जगातल्या कुठल्याही चॅटरूममध्ये शिरायचं म्हटलं की नाव टाकावं लागतं, फार तर गावाचं नाव. आमच्या खोलीत शिरायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: 'कोणाकडे आलात?' हा प्रश्न नानांनी घातलेला आहे आणि आलेलं उत्तर तपासायलाही नानाच बसलेले असतात. 'कोणाकडेच नाही, टाइमपास' असं लिहिणारा माणूस बाहेरच राहतो. 'सहज आलो' हेही नानांना चालत नाही.

"सहज कोनी येस का कोनाकडे?" ते मलाच विचारतात. "गल्लीमा नवा मानूस शिरना तर आपन इचारतसच ना, भाऊ, कोनाकडे? मग आठे काय येगळं शे?"

सुरतेच्या एका मुलाने वैतागून 'तुमच्याकडेच आलो' असं लिहिलं. नानांनी त्याला ताबडतोब आत घेतलं, 'या, बसा, पाणी घ्या' म्हटलं आणि मूळ गाव कोणतं, आजोळ कुठलं, असं विचारत विचारत त्याच्या आईची मावशी बोदवडची निघेपर्यंत सोडलं नाही. तो बिचारा कुठल्या तरी मोबाइलबद्दल विचारायला आला होता. आता मात्र तो रोज येतो आणि मोबाइलबद्दल अवाक्षर काढत नाही.

या खोलीचं नाव 'खान्देशी ओटा'. ती काढली मी. मी जळगावात एका कॉलेजात संगणक शिकवते. नोकरीधंद्यासाठी पुण्याला, सुरतेला, आणखी लांब गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना गप्पा मारायला एक जागा असावी, एवढाच माझा हेतू होता. नाना आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ते मूळचे दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि आपल्याला गाडीची वेळ कधी कोणाला विचारावी लागली नाही याचा त्यांना भारी अभिमान होता. निवृत्त झाले आणि त्यांना कोणी काही विचारीनासं झालं. मग ते माझ्या खोलीत आले.

काही दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "माय, तुन्ही खोलीमा लोके येतस नि उभाच राहतस. कोनी बस म्हनत नही. असं कसं चालनार?" मला परीक्षांची कामं होती. मी त्यांना अॅडमिन करून टाकलं. त्या क्षणापासून खोली माझी राहिली नाही.

कोणी आलं की नाना पुकारा करतात, आणि तोही लाउडस्पीकरवरच्या शुद्ध मराठीत. 'रावेरचे भाऊ येत आहेत. केळीची गाडी भरून आलेले आहेत. थकलेले आहेत. त्यांना कोणीही लगेच राजकारण विचारू नये.' रावेरचे भाऊ लिहितात, 'हाव नाना, आज लय काम होतं,' आणि खरोखरच कोणी राजकारण काढत नाही. भरताच्या वांग्यात शेंगदाणे घालावेत की नाही यावरून एकदा दोघांची चांगलीच जुंपली. मी नियमांवर बोट ठेवून काहीतरी गंभीर लिहीत होते, तेवढ्यात नानांचं आलं: 'दोघांनी खिडकी सोडावी. मागे लाइन लागली आहे.' भांडण तिथेच मिटलं.

त्यांचा दुसरा नियम बाहेर पडण्याचा. 'येतो' म्हटल्याशिवाय कोणी खोली सोडायची नाही. कोणी न सांगता बाहेर पडलं की नाना अस्वस्थ होतात. नंबर असेल तर सरळ फोन लावतात. पुण्यातल्या एका बाईंच्या फोनची बॅटरी संपली होती. नानांनी कुठून कुठून नंबर मिळवला, आणि शेजारणीच्या फोनवर त्यांचा आवाज आला, "ताई, आमचं काही चुकलं का?" त्या बाई आता चार्जर जवळ ठेवूनच बसतात.

मी नानांची यावरून पुष्कळ थट्टा केली आहे. खोली सोडणं म्हणजे काय, एक बटण दाबणं. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? नाना हसायचे आणि विषय बदलायचे.

मग एक दिवस खोली भरली. अॅपवाल्यांनी फुकटात जेवढ्या जागा दिल्या होत्या तेवढ्या संपल्या आणि नवी माणसं बाहेर ताटकळू लागली. मी खाली जाऊन नानांना म्हटलं, जे कधीच बोलत नाहीत त्यांना काढून टाकू. उदाहरणादाखल मी 'पाहुणा' नावाच्या सभासदाकडे बोट दाखवलं. हा माणूस खोलीच्या सुरुवातीच्या दिवसांत, नानांचा प्रश्न लागू होण्याआधी आलेला होता. त्याने आजवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. रोज दुपारी जेवणानंतर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा, थोडा वेळ राहायचा आणि विझायचा. नावाशेजारी फोटो होता तो एका बुजगावण्याचा.

"त्याले हात लावू नको," नाना म्हणाले. त्यांचा इतका कडक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "वट्टावर बशेल मानूस बोललाच पाहिजे असं कुठं लिखेल शे?"

तेव्हा नानांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या अक्का, कैऱ्या चिरता चिरता म्हणाल्या, "सांगी टाका ना तिले. तो बापू शे, यास्ना धाकला भाऊ."

गोष्ट साधी होती, म्हणजे ऐकणाऱ्याला साधी. बापू मूळ गावीच शेती करतात. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. नाना मोठे काका, म्हणून पुढच्या खुर्चीवर बसले होते. मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली. व्याह्यांना बांधले, पाहुण्यांना बांधले, आणि नवरदेवाच्या मित्रांनी मधल्या मध्ये उरलेले पळवले. नानांपर्यंत येईतो फेटे संपले. भर मांडवात नाना बोडक्या डोक्याने बसून राहिले, आणि मग उठले. बापू मागून ओरडत होते, "नाना, जेवी तर जाय!" नानांनी मागे वळूनही पाहिलं नाही. जेवले नाहीत आणि येतो म्हणून सांगितलंही नाही. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही.

"पण हा पाहुणा म्हणजे बापूच, हे कशावरून?" मी विचारलं.

नानांनी फोटो मोठा करून दाखवला. बुजगावण्याच्या अंगात खाकी शर्ट होता आणि त्याचा खिसा लाल दोऱ्याने शिवलेला होता. "मना शर्ट शे. खिसा हिनी शिवेल शे. एकदाव वावरमा राही गयथा." त्यांनी शर्टाच्या बटणांवरून गळ्यापर्यंत बोट फिरवलं. "पहिले माले राग उना. मना शर्ट बुजगावनाले! मग नीट देखं. गुंड्या बठ्ठ्या लावेल शेतस. गयापावत."

"मग बोला ना त्यांच्याशी."

"मी मोठा शे, माय. पहिले त्यानी बोलाले पाहिजे."

त्यानंतर मला खोली वेगळीच दिसू लागली. रोज दुपारी हिरवा ठिपका लागला की नाना काहीबाही लिहायचे. आज अक्कांनी कळण्याची भाकरी केली. गुडघा आता बरा आहे. गावाकडे दादर ज्वारी कशी आली असेल कोण जाणे. सगळी खोली उत्तरं द्यायची, रावेरचे भाऊ गुडघ्याला तेल सुचवायचे, आणि नाना त्या एका ठिपक्याकडे बघत बसायचे. दोन म्हातारे भाऊ एका खोलीत रोज येत होते आणि बोलत नव्हते. मला हसू यायचं, आणि मग वाईटही वाटायचं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, घरं भरतात. नानांनी ठरवलं की ओट्यावरच्या प्रत्येकाला मानाचा फेटा बांधायचा. अॅपमध्ये सभासदाच्या नावापुढे छोटं चित्र लावायची सोय होती. मी म्हटलं, मी सगळ्यांना एकदम लावून देते, क्षणाचं काम आहे. नाना म्हणाले, "फेटा असा एकदम बांधतस का? एकेकले बांधना पडस." मग सकाळपासून ते एकेक नाव बोटाने दाबून धरत होते आणि चित्र लावत होते. खोलीत नुसता जल्लोष चालला होता.

पाहुण्याचं नाव त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. दुपारी ठिपका लागला. त्यांनी मला खाली बोलावून घेतलं, टोपी नीट केली आणि नाव दाबून धरलं. आता 'चिन्ह लावा' आणि त्याच्या खाली 'काढून टाका' असे दोन पर्याय येतात. नानांचा अंगठा जाड, तो खालच्या पर्यायावर पडला. फोनने विचारलं, 'नक्की?' नानांनी मोठ्याने "हा तर!" म्हटलं आणि 'हो' दाबलं.

पाहुणा नाहीसा झाला.

नानांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, आता त्याला काय दिसत असेल. मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण सांगितलं. 'तुम्हाला या खोलीतून काढण्यात आले आहे' असं दिसतं.

"परत घे त्याले."

मला ते करता येत नव्हतं. काढलेला माणूस स्वतःहून विनंती करील तरच आत घेता येतो. मी म्हटलं, नाना, आता तरी फोन करा. नानांनी नंबर काढला, फोन कानापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"काय सांगू त्याले? फेटा बांधता बांधता हाकली दिधं म्हनीसन? कोन इस्वास ठेवई?" मग हळूच म्हणाले, "माय, लगनमा बी असंच व्हयनं व्हई. गर्दीमा, हातून चुकी. आते माले समजनं."

अक्का पदराने डोळे पुसत आत गेल्या. बापू परत आले नाहीत तर हा माणूस पुन्हा त्या खोलीत बसणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या संध्याकाळी नानांनी पुकारा केला नाही. दुसऱ्या दिवशी रावेरचे भाऊ दोनदा विचारून गेले, 'नाना बरे आहेत ना?' दुपार झाली. ठिपक्याची वेळ आली आणि गेली. मी कॉलेजातून येऊन जेमतेम पाणी पीत होते, तोच फोन वाजला. विनंती आली होती. मी चप्पल न घालताच खाली धावले.

नानांच्या फोनवरही ती आली होती. ते फोन हात लांब करून धरून बसले होते आणि त्यांना वाचवत नव्हतं. शेवटी अक्कांनीच फोन घेतला आणि मोठ्याने वाचलं.

'कोणाकडे आलात?'

'नानाकडे. तो न जेवता उठी गया व्हता.'

नाना माझ्याकडे वळले. "तू दाब, माय. मना आंगठावर भरोसा नही." मी 'आत घ्या' दाबलं. हिरवा ठिपका लागला.

नानांनी 'या, बसा' लिहिलं आणि पुसलं. पुन्हा काहीतरी लिहिलं, तेही पुसलं. मग खोलीत त्यांचा एकच शब्द उमटला: 'येतो.'

नानांनी हा शब्द स्वतःसाठी तिथे कधीच वापरला नव्हता. खोली हादरली. सुरतेच्या पोराने विचारलं, पुण्याच्या ताईंनी विचारलं, रावेरच्या भाऊंनी विचारलं: 'कोणाकडे, नाना?'

उत्तर द्यायला नाना फोनजवळ नव्हते. ते आतून धोतर बदलून, पिशवी घेऊन बाहेर आले होते. दारात थांबले, जरा आठवून पाहिलं, आणि मला म्हणाले, "माय, दोंडाईचानी गाडी कितला वाजता शे?"