तळ्याचा गाळ, नमुना सात

मी मत्सरी माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा मी स्वतः खाली जाऊन तिच्यावर कौतुकाने हात फिरवून आलो. दुसऱ्या दिवशी दरवाजावर जो ओरखडा सापडला, त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. माझ्या हातात किल्ली होती, एवढंच!

तेव्हा कॅप्टनविषयी मी जे सांगणार आहे ते मत्सरापोटी सांगतोय, असं कृपा करून समजू नका.

कॅप्टन म्हणजे बायकोच्या ट्रेकिंग ग्रुपचा म्होरक्या. तो सैन्यात वगैरे कधीच नव्हता. नुसतीच मिशी आहे. वय माझ्याएवढंच, पण पोट शरीरात नक्की कुठे असतं हे त्याला अजून कळलेलं नाही. बायको शाळेत भूगोल शिकवते. एकवीस वर्षं नकाशातले डोंगर दाखवल्यावर तिला खरे डोंगर चढायची हुक्की आली, आणि मार्च महिन्यात ती पहिल्यांदा या लोकांबरोबर गेली. परत आली ती वेगळीच बाई होऊन.

"अहो, काय सांगू तुम्हाला! कॅप्टननी एक पाकीट फाडलं, त्यात उकळतं पाणी ओतलं, दहा मिनिटं तोंड बंद करून ठेवलं, आणि आत गरमागरम भात! एकेक दाणा मोकळा!"

"फ्रीज-ड्राय केलेला असणार," मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो.

"अय्या! तुम्हाला कसं माहीत?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मंडळी, मी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथे फ्रीज-ड्राय करायचं मशीन आहे. गेली एकोणीस वर्षं ते मशीन मी चालवतो. फक्त मीच चालवतो! नमुना आधी दगडासारखा गोठवायचा, मग मशीनमधली हवा ओढून घ्यायची, की बर्फाचं पाणी न होता थेट वाफच होते. वस्तूचा आकार तोच, रंग तोच, वास तोच, पाणी तेवढं गायब. ही जादू मी लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोला पहिल्यांदा समजावून सांगितली तेव्हा ती उभ्या उभ्या झोपली होती. नंतरही मी निरनिराळ्या प्रसंगी प्रयत्न केले. दर वेळी तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

"अगं, मी ऑफिसात तेच तर करतो!"

"तुम्ही चिखल वाळवता हो. हे अन्न आहे." आणि पुढे डोळे मोठे करून, "कॅप्टन किती छान समजावून सांगतात! म्हणे बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ! मी तर ऐकतच राहिले."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

पुढच्या महिन्यात घरात खोकं आलं. तीस पाकिटं! कॅप्टनचं म्हणणं, पूर आला, भूकंप झाला, वीज गेली, तर प्रत्येक घरात महिन्याभराचं अन्न तयार हवं. खोकं कपाटात माझ्या स्वेटरांच्या खणात गेलं आणि माझे स्वेटर पलंगाखाली.

"पंचवीस वर्षं टिकतं!" बायको पाकीट कुरवाळत म्हणाली.

माझ्याकडे बघून इतक्या खात्रीने ती कधी बोललेली मला आठवत नाही.

मग तिने सांगितलं, "येत्या रविवारी मोठा चढ आहे. यातली दोनच पाकिटं सुपाची आहेत, ती नेणार मी. मसुराचं सूप. एक मला आणि एक कॅप्टनना. दर वेळी ते सगळ्यांना खाऊ घालतात, या वेळी आपण त्यांना घालायचं."

मसुराचं सूप! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायको तापाने आजारी पडली होती, तेव्हा मी करून घातलं होतं ते मसुराचं सूप! त्या वेळी ती म्हणाली होती, "लसूण जास्त झालाय, पण छान आहे." त्या 'छान'वर मी आजवर दिवस काढले. आणि आता ती तेच सूप कॅप्टनला पाजणार, तेही दुकानातलं!

तिथल्या तिथे मी बेत ठरवला. सूप मी करायचं, आमच्याच मशीनमध्ये सुकवायचं, आणि त्या दोन पाकिटांतला माल काढून माझा माल भरायचा. डोंगरावर दोघं खातील, वाहवा करतील, कॅप्टन स्वतःच्या तोंडाने म्हणेल की असं सूप जन्मात खाल्लं नाही. आणि मग मी घरी बसल्या बसल्या शांतपणे म्हणेन, "हो का? मीच केलं होतं." बस्स! त्या एका वाक्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

बुधवारी सकाळी बायको शाळेत गेल्यावर सूप केलं. लसूण सढळ हाताने घातला. डबा घेऊन ऑफिस गाठलं, दोन ट्रे तीनदा घासून धुतले, त्यांत सूप ओतून गोठवलं आणि मशीनमध्ये ठेवलं. मशीनला तीन कप्पे. सर्वांत वरच्या कप्प्यात ऑफिसचं खरं काम होतं, तळ्याच्या तळातला गाळ. माझे ट्रे मी खालच्या दोन कप्प्यांत सरकवले. आमच्या मॅडमना गुडघेदुखी आहे, त्या वाकून बघायच्या नाहीत. तरीही संशय नको म्हणून तिन्ही ट्रेंवर एकसारखी चिठ्ठी लावली : 'तळ्याचा गाळ, नमुना सात'. माझ्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

मशीनला दोन दिवस लागतात. शुक्रवारी दुपारी मी ती दोन पाकिटं दप्तरातून काढली आणि आतला माल टाकून द्यायला उठलो. पण म्हटलं, शत्रूची ताकद तरी बघावी. चिमूटभर तोंडात टाकलं. कोरडं, कुरकुरीत, खारट. वाईट नव्हतं! वाईट नाही म्हणून राग आला, आणि रागाच्या भरात अख्खं पाकीट संपलं. मग एका पाकिटावरून निवाडा करणं अन्यायाचं, म्हणून दुसरंही खाल्लं.

मग लागली तहान. मी दीड लिटर पाणी प्यायलो.

एकोणीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं, की सुकवलेल्या वस्तूत पाणी घातलं की ती मूळ आकारावर येते. ती भांड्यात आहे की माणसात, याचा विचार ती करत नाही! अर्ध्या तासात माझ्या पोटात दोन माणसांचं जेवण फुलून बसलं. शर्टाचं एक बटण उडून काचेच्या नळीवर टणकन आपटलं.

"काय होतंय तुम्हाला?" पलीकडच्या टेबलावरून मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, ॲसिडिटी!"

संध्याकाळी मॅडम गेल्यावर मशीन उघडलं तेव्हा मी पिंपासारखा झालो होतो. बसता येईना, वाकणं तर दूरच. आपले ट्रे कुठले? वरचे दोन, मी मनाशी म्हटलं. वाकायला लागू नये अशी इच्छा इतकी तीव्र होती की मला तसं चक्क आठवलंही! वरचे दोन ट्रे काढले. तिसरा राहू दिला. दोन्हींत तपकिरी, ठिसूळ वड्या. त्यांचा चुरा केला. एरवी मी चव घेतल्याशिवाय मीठसुद्धा बरणीत भरत नाही, पण त्या दिवशी अन्न नुसतं दिसलं तरी भोवळ येत होती. नाकाला रुमाल लावला, चुरा पाकिटांत भरला, ऑफिसच्या पिशव्या चिकटवायच्या मशीनवर पाकिटांची तोंडं पुन्हा चिकटवली आणि घरी येऊन खोक्यात ठेवून दिली.

रविवारी पहाटे पाचला बायको पाठीवर पिशवी टाकून गेली. जाताना म्हणाली, "कपडे वाळत घाला." मी गालातल्या गालात हसलो.

आठ वाजता फोन वाजला. मॅडम!

"अहो, मी ऑफिसात आलेय. उद्या अहवाल द्यायचाय ना. मशीनमध्ये नमुना सातचा एकच ट्रे आहे, खालच्या कप्प्यात. त्याला लसणाचा वास कसा हो येतोय?"

माझ्या हातातली ओली चादर खाली पडली. खालच्या कप्प्यात! वाकून कोणी बघू नये म्हणून मीच नव्हतं का खाली ठेवलं? म्हणजे मी काढलेल्या वरच्या दोन ट्रेंपैकी एक सूप, आणि एक...

"मॅडम, त्याला हात लावू नका!"

"हात कशाला लावू? पण तळ्यात लसूण आला कुठून?"

मी फोन ठेवला आणि बायकोला लावला. बंद! डोंगरात रेंज कुठली? पायात चपला सरकवून मी रस्त्यावर धावलो आणि समोर आलेली टॅक्सी थांबवली.

"डोंगराच्या पायथ्याशी चला, लवकर! जीवन-मरणाचा प्रश्न आहे!"

वाटेत विचार करायला वेळ मिळाला. दोन पाकिटं. गाळ एकात. तो बायकोच्या वाट्याला आला तर? "अहो, जोरात घ्या!" मी ओरडलो. मग मनात आलं, कॅप्टनच्या वाट्याला आला तर? "तशी एवढी काही घाई नाही," मी म्हणालो. टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला. असं तीनदा झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, आधी तुमचं काय ते ठरवा."

डोंगर मी कसा चढलो ते विचारू नका. अर्ध्या वाटेत एक चप्पल गेली. वरून उतरणाऱ्या एका आजीबाईंनी मला थांबवून पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "बाळा, या वयात एवढं करू नये." त्या सत्तरीच्या होत्या.

माथ्याच्या अलीकडे एका मोठ्या खडकाआड पोचलो आणि पलीकडून बायकोचा आवाज आला. मी थबकलो, कारण ती माझ्याविषयी बोलत होती.

"पाकीट बघताच ओळखलं मी! ही दुहेरी शिवण आमच्याकडचीच. घरातली साखरेची पिशवीसुद्धा हे ऑफिसातून अशी चिकटवून आणतात. आणि पहिल्या चमच्यालाच लसूण! लग्नानंतर मी आजारी होते तेव्हा अस्संच सूप केलं होतं यांनी."

म्हणजे बायकोचं पाकीट सुपाचं! मी सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे कॅप्टनचं...

खडकावरून डोकं काढलं. कॅप्टन मांडी घालून बसला होता. त्याच्या पाकिटातून वाफा येत होत्या. त्याने चमचा आत घातला.

ओरडायला मी तोंड उघडलं, एवढ्यात बायको पुढे म्हणाली, "एकोणीस वर्षं हेच काम करतात ते. एवढा हुशार माणूस, पण कधी मिरवत नाहीत..."

तुम्हीच सांगा, काय करायचं? एकोणीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य चालू होतं. अर्ध्यात कसं तोडायचं? मी ठरवलं, एवढं वाक्य होऊ दे.

बायकोची वाक्यं लांब असतात. चमचा कॅप्टनच्या तोंडात गेला.

कचकच असा आवाज झाला. वीस माणसं वळून बघायला लागली. कॅप्टनने चावलं. पुन्हा चावलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मिशी हलली नाही. त्याने गिळलं!

"कसं आहे?" बायकोने कौतुकाने विचारलं.

कॅप्टनने माझ्या बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "भारदस्त आहे."

आणि त्याने दुसरा चमचा भरला!

"थांबा! खाऊ नका! गाळ आहे तो!" मी खडकावरून कोसळतच आलो.

पुढचं सगळं मला धापा टाकत सांगावं लागलं. ऑफिसचं मशीन, खोक्यातली पाकिटं, पोट, वरचा कप्पा, खालचा कप्पा. बायकोने कॅप्टनच्या पाकिटातली चिमूट बोटांत चोळून पाहिली.

"गाळच आहे," ती भूगोलाच्या बाईंच्या आवाजात म्हणाली. "तळ्याचा. बारीक कणांचा." मग माझ्याकडे पाहून, "का केलंत हो हे?"

एकोणीस वर्षांचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण श्वासच उरला नव्हता. मी नुसतं कॅप्टनकडे बोट दाखवलं.

कॅप्टन चूळ भरून आला आणि खो खो हसत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तरीच म्हटलं, एका चमच्यात पोट कसं भरलं!" सगळे हसले. त्याने स्वतःचे जादा बूट मला उतरायला दिले. ते मला बरोबर बसले, याचाही मला राग आला.

सोमवारी मॅडमनी मला नवा गाळ आणायला तळ्यात उतरवलं. "अति तिथे माती," एवढंच त्या म्हणाल्या, आणि खालच्या कप्प्यातला सुपाचा ट्रे मला रिकामा परत दिला. मी तो भरलेला ठेवून गेलो होतो.

गुडघाभर चिखलातून घरी आलो तर बायको फोनवर बहिणीशी बोलत होती.

"अगं, काय माणूस आहे तो! चमचाभर चिखल गिळला, पण माझं मन मोडू नये म्हणून तोंड वाकडं केलं नाही! नाहीतर आमच्याकडे! भाजीत मीठ जरा कमी पडलं की ताट सरकवतात."

मी मुकाट्याने पाय धुऊन जेवायला बसलो. भाजी तोंडात टाकली. मीठ कमी नव्हतं, मीठ नव्हतंच! वर पाहिलं तर बायको टक लावून माझ्याकडे बघत होती.

"कशी झालीय?"

मी गिळलं.

"भारदस्त आहे," म्हणालो, आणि आणखी वाढून घेतली.